गोटीसाठी वेगळा डबा

१२ जानेवारी

गोटीच्या आई,

तेलाचा डबा पार्सलच्या गाडीने पाठवलाय. उतरवून घेताना हमालाला आडवा करू देऊ नकोस. मागच्या खेपेला तुझ्या नवऱ्याने, आमच्या धाकट्याने, आडवा ठेवला आणि निम्मं तेल जिन्याने प्यायलं. लिफ्ट दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद, आणि माझं तेल चार मजले पायी चढतंय! मी असं म्हटलंय म्हणून सांग त्याला.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. शेंगदाण्याच्या घाण्याशेजारी जन्म गेला, आता फोन कानाला लावला की नुसती कुईकुई ऐकू येते आणि मी सगळ्याला 'हो हो' म्हणत सुटते. कागद बरा.

धाकट्याने लिहिलंय की गोटीच्या अंगावर सारख्या गांधी उठतात, पोटही बिघडतं. अगं, आमचा डबा संपला की तू मधेच दुकानातलं ते रिफाईंड आणतेस ना, त्याचंच हे. उकळून, धुऊन, रंग काढून, वास मारून बाटलीत भरलेलं तेल. त्याने पोरीचं पोट बिघडणार नाही तर काय होईल? तिला आपलंच घाल. भाजीत घाल, भातावर घाल, हात आखडू नकोस.

आणि उन्हाळ्यात तिला इकडे आणायचं कबूल केलंयस, ते विसरू नकोस. मी तिला एकदाच पाहिलंय, तेही झोपलेली. धाकट्याला आईच्या माघारी मीच वाढवला. माझ्या लग्नाचं बोलायला आलेले लोक तेल घेऊन गेले, मला कोणी नेलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. पण गोटी एकदा माझ्या मांडीवर बसून जेवली पाहिजे. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
घाण्यावरची ताई


१९ जानेवारी

ताई,

तेल पोचलं, आणि उभंच पोचलं. तुमचा निरोप यांना वाचून दाखवला. म्हणाले, "ताईला सांग, दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे पैसे मिळतात."

पण लिहायचंय ते वेगळंच आहे. बसून वाचा. परवा शेजारच्या बाईंनी गोटीच्या हातावर भाजलेला शेंगदाणा ठेवला. आपण तिला अजून दाणा दिला नव्हता, घशात अडकेल म्हणून. तिने अर्धा चावला, आणि बघता बघता ओठ सुजले, डोळे बारीक झाले, मानेपर्यंत गांधी. तशीच उचलून दवाखान्यात नेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेंगदाण्याची ॲलर्जी.

शेंगदाण्याची, ताई! आपल्या घरच्या मुलीला! मी दोनदा विचारलं, दुसऱ्या कोणाचा कागद तर नाही ना म्हणून. हे तर हसायलाच लागले, म्हणाले, उद्या माशाला पाण्याची ॲलर्जी सांगतील. मला नाही हसू आलं. घरातले दाणे, कूट, सगळं काढून टाकलं. बरण्या सोडा घालून घासल्या.

राहता राहिलं तेल. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होत्या, मी दारातून विचारलं, तेल चालेल ना? त्या म्हणाल्या, "रिफाईंड असेल तर सहसा चालतं." तेवढ्याने मला धीर यायला हवा होता, पण मनात पाल चुकचुकतेय. यांच्या मते मी उगाच घाबरते. तुम्ही जन्मभर तेल काढलंत. खरं सांगा ताई, आपल्या तेलात दाण्याचं काही उरतं का? तुम्ही सांगाल ते मी ऐकेन.

तुमची,
गोटीची आई


२३ जानेवारी

गोटीच्या आई,

काही उरतं का म्हणून काय विचारतेस? अगं, सगळंच उरतं! तीच तर आपल्या तेलाची शान. लाकडी घाणा सावकाश फिरतो, तेल तापत नाही, म्हणून दाण्याचा वास, दाण्याचा रंग, दाण्याचा कस, सगळा जसाच्या तसा. रिफाईंडमध्ये दाण्याचं काय असतं? डब्यावरचं चित्र!

आता तूच डोकं चालव. डॉक्टरीण म्हणते, ते मेलेलं तेल चालतं. मग ते चालतं तर हे का नाही चालणार? ज्याला बाजारचं पचतं त्याला घरचं बाधेल होय? घाण्यावरच्या काकांना विचारलं, तेही म्हणाले, दाणा वेगळा आणि तेल वेगळं. आपण दाणा पिळतो, चोथा पेंडीत जातो, गुरं खातात. खोकला, खाज, काही झालं की आमच्या आईने आम्हाला तेलच पाजलं. आणि आम्ही बघ कसे ठणठणीत. माझे कान सोडले तर.

मला कळतंय तुझं काय होतंय ते. पहिलं मूल, शहरातले डॉक्टर, ते घाबरवणारच. तू घाबरू नकोस, मी आहे.

गोटीसाठी वेगळा डबा पाठवतेय, झाकणाला लाल दोरी बांधलीय. गिऱ्हाइकाला देतो तसं उन्हात ठेवून निवळू दिलेलं नाही, कापडातून गाळलेलंही नाही. घाण्यातून उतरलं तसं, गढूळ. तळाला साका बसेल, तो फेकू नकोस, हलवून घे. सगळी ताकद त्यातच. रोज दुपारी ऊन भातावर एक चमचा, कच्चंच. महिन्याभरात गाल कसे वर येतात बघ.

ताई


३ फेब्रुवारी

गोटीच्या आई,

लाल दोरीचा डबा मिळाला की नाही, एका ओळीने तरी कळव की! गाडीवाला म्हणतो, पोचवला. म्हणजे तू कामात असशील. काकांना म्हटलं, उत्तर नाही याचा अर्थ पोरगी खाण्यापिण्यात दंग आहे आणि आईला पेन धरायला सवड नाही. बरं केलंस. पेन नंतर धर.

इथे सगळं झकास. एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या, गोटीएवढाच. मी त्यांना गोटीचं सांगितलं, माझी भाची रोज कच्चं तेल खाते म्हणून. त्यांनी लगेच तसलंच न निवळलेलं मागितलं. बघ, तुझी लेक आत्ताच दुकान चालवायला लागली.

खरं सांग, बाळसं धरतेय ना?

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

हे मी लिहितोय, ती लिहिण्याच्या अवस्थेत नाही. तुझं पत्र आज आलं, दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. बाळसं धरतेय का विचारतेस.

गोटी जिवंत आहे, ते आधी सांगतो. गुरुवारी दुपारी तुझ्या डब्यातलं तेल भातावर घातलं आणि तिचा श्वास बंद व्हायला आला. मी तिला खांद्यावर टाकून चार मजले उतरलो. तिसऱ्या मजल्यावर ती रडायची थांबली. तिथपासून खालपर्यंत मी कसा आलो ते मला आठवत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळायला नको होतं, म्हणून लिहिलं. ते न निवळलेलं तेल ज्या बाईंना दिलंस त्यांना आधी गाठ. त्यांच्या नातवाला ॲलर्जी नसेलही. पण गाठ.

आणि ताई, मी हसलो होतो गं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

धाकटा


९ फेब्रुवारी

गोटीच्या आई, धाकट्या,

पत्र दुकानातच फोडलं आणि मटकन खाली बसले. काकांनी घाणा बंद केला. त्यांना वाटलं मला चक्कर आली. मी त्यांना कागद दिला, त्यांनी वाचला.

त्या बाईंचं घर शोधत गेले. नातू अंगणात धावत होता. त्याला काही झालेलं नाही, दाणे रोज खातो. तरी बाटली परत घेतली. त्या म्हणाल्या, तेल खराब आहे का? मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले, परक्या बाईसमोर.

कसं झालं हे? तेलाने? आपल्या तेलाने? मला काहीच कळेनासं झालंय. मी निघते. तिकीट मिळालं की, दोन-तीन दिवसांत. तिला एकदा डोळ्यांनी बघू द्या. मग काय बोलायचं ते मला बोला.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

येऊ नका. हे आधी लिहिते, म्हणजे पत्र हातात पडताच कळेल. हे स्टेशनवर माणूस गाठून पाठवतेय, तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून.

गोटी घरी आली आहे. खेळतेय. आवाज अजून बसलेला आहे.

तुम्ही विचारलंत कसं झालं. चमचा मीच भरवला, ताई. डबा हलवून, साका वर आणून, तुम्ही लिहिलंत तसा. पहिला घास तिने आवडीने खाल्ला. मग जीभ हाताने पुसायला लागली. मला वाटलं, भात गरम लागला. मी फुंकर घालून दुसरा घास पुढे केला. दुसरा, ताई! मग ती खोकली, ओकली, ओठ निळे पडायला लागले. खालच्या औषधाच्या दुकानदाराने गाडी काढली. दवाखान्यात मांडीत सुई दिली तेव्हा कुठे ती रडली. मूल रडलं म्हणून मी हात जोडीन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? भात. भातावर काय? तेल. कुठलं? आणि मी काय सांगितलं माहीत आहे? ताठ मानेने सांगितलं, "घरचं आहे, लाकडी घाण्याचं. एक थेंब रिफाईंड नाही." त्या म्हणाल्या, "मी रिफाईंड असेल तर म्हटलं होतं." मी म्हटलं, मग हे त्याहून चांगलं ना?

त्यांनी समजावलं. दाण्यातलं जे प्रथिन गोटीचं अंग सहन करत नाही, ते कारखान्यात तेल धुऊन तापवून जवळजवळ सगळं निघून जातं. म्हणून ते तेल सहसा चालतं. घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि न गाळलेल्यात तर जास्तच. ज्याला ॲलर्जी नाही त्याने ते खुशाल खावं. इतके दिवस गांधी उठत होत्या त्याही यानेच. मग त्या म्हणाल्या, कुठलं तेल वापरता हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्यांचाही चेहरा उतरला होता. तशीच एक सुई आता घरात ठेवायला दिलीय.

मी तुमच्यावर रागावलेय. लिहू नये, पण खोटं कशाला लिहू? मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'सगळंच उरतं' म्हणून लिहिलंत आणि तरी चमचा द्यायला सांगितलात. मीही ते वाचलं आणि तरी दिला. स्वतःवर मी त्याहून जास्त रागावलेय.

पण येऊ नका ते रागापायी नाही. तुमच्या साडीला, केसांना, पिशवीच्या बंदालासुद्धा तेल असतं. तुम्ही आलात आणि ती तुम्हाला बिलगली तर? मला आता कशाचीच खात्री वाटत नाही.

गोटीची आई


१७ फेब्रुवारी

गोटीच्या आई,

पिशवी भरून दाराशी ठेवली होती तेव्हाच तुझा माणूस आला. पिशवीचा बंद नाकाशी धरून बघितला. खरंच तेलाचा वास होता. एवढी वर्षं माझ्या नाकाला तो वास कधी आलाच नव्हता.

'सगळंच उरतं' हे मीच लिहिलं ना? माझ्याच हाताने? तुझ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहिलं, आणि खाली विष घालायला सांगितलं. नाही, विष म्हणायला जीभ रेटत नाही. तेल वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. मीच वाईट निघाले. तू आई होऊन विचारत होतीस आणि मी दुकानदार होऊन उत्तर देत होते. माझ्या मालाला नाव ठेवलं एवढंच मला दिसलं, पोरीच्या सुजलेल्या ओठांवरून मी सरळ पुढे वाचत गेले.

तू रागावलीस ते बरं केलंस. गोड बोलली असतीस तर मला जास्त झोंबलं असतं.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, घरात कोणाला दाणा बाधतो का? काल एक साहेब चिडले, म्हणाले, "तेल विकायचंय की तपासणी करायचीय?" काका म्हणतात, असंच चाललं तर दुकान बसेल. बसू दे.

उन्हाळ्याचं काही विचारत नाही. या घरात ती कधीच येऊ शकणार नाही, हे मला कळलंय. भिंतीसुद्धा तेल प्यायल्यात इथल्या. पण मी तिच्याकडे यायचं, त्याला काही उपाय आहे का? डॉक्टरीणबाईंना विचार. नाही म्हणाल्या तर समोरच्या फुटपाथवर उभी राहीन, तू तिला खिडकीत उभी कर.

ताई


१ मार्च

ताई,

विचारलं. उपाय आहे. येताना पिशवी आणू नका, काही म्हणजे काही आणू नका. चपला खालीच ठेवा. वर आलात की सरळ न्हाणीघरात जा, केसांवरून आंघोळ करा. नवा साबण आणि माझी साडी खुंटीवर काढून ठेवते. तुमचे कपडे मी पिशवीत बांधून ठेवेन. मग तिला घ्या.

रविवारी हे घरी असतात. या.

गोटीची आई


१२ मार्च

गोटीच्या आई,

रविवारी मी न जेवता, न बोलता संध्याकाळच्याच गाडीने निघून आले. धाकटा जिन्यापर्यंत आला, त्याच्याशीही बोलले नाही. तुम्हा दोघांना काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. तू 'ताई!' म्हणून ओरडलीस, तो आवाज तर मला फोनशिवाय इथवर ऐकू येतोय.

झालं ते सांगते. तू सांगितलंस तसं सगळं केलं. तुझी साडी नेसून बाहेर आले आणि गोटी धावत आली. मला वाटलं होतं लाजेल, रडेल. ती सरळ मांडीवर चढली, गळ्यात हात टाकले, आणि तोंड माझ्या तोंडाशी आणलं. पापा द्यायला. आणि मला सकाळचा घास आठवला. गाडीत मी घरून आणलेलं खाल्लं होतं. बटाट्याची भाजी, आपल्या तेलातली. कागदात गुंडाळून आणली, खाल्ली, कागद फेकला. अंग घासघासून धुतलं, गं, पण तोंड धुवायचं तुलाही सुचलं नाही आणि मलाही.

म्हणून ढकललं. दोन्ही हातांनी. ती फरशीवर आपटली ते मी बघितलं. तिचं ते बघणंही बघितलं.

मी न्हाणीघरात पळाले, चूळ भरली, दात घासले, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. बाहेर आले तर तू तिला उचलून आत गेली होतीस आणि दार लावलं होतंस. दारावर थाप मारायला हात उचलला, पण काय सांगणार होते? की बघ, परत माझंच तेल? तोंड उघडायचीच भीती वाटली मला.

आयुष्यात एकदा ती माझ्या मांडीवर बसली आणि मी तिला ढकलून दिलं. तिला लागलं का? तेवढं कळव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

ताई


१६ मार्च

ताई,

लागलं नाही. कोपराला थोडं खरचटलंय, ते ती येईल त्याला दाखवत बसते.

तुमचं पत्र वाचलं. मी काय समजले होते सांगू? मला वाटलं, तुमच्या तेलाला नावं ठेवली म्हणून तुमच्या मनात पोरीबद्दलच अढी बसली. यांना म्हटलंसुद्धा, तुमच्या बहिणीला घाणा जास्त प्यारा. हे गोटीला घेऊन गच्चीत जाऊन उभे राहिले. आता पत्र त्यांच्या हातात दिलंय. अजून परत मागायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. तसा पापा घेतला असता तर? त्या म्हणाल्या, होऊ शकलं असतं. आणि म्हणाल्या, त्या बाईंनी बरोबर केलं.

ताई, एक विचारायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. एक तारखेपासून मला चष्म्याच्या दुकानात परत कामावर जायचंय, नाहीतर माझ्या जागी दुसरी घेतील. पाळणाघराने गोटीला नाही म्हटलं. दुसऱ्यानेही नाही म्हटलं. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, पण त्या म्हणतात, "एका दाण्याने काय होतंय?" त्यांच्याकडे मी तिला पाच मिनिटंही ठेवणार नाही. तिला मांडीवर घेतलेलं असताना, ती पापा द्यायला आलेली असताना, सकाळचा घास ज्याला आठवेल असं माणूस मला पाहिजे. मला एकच माहीत आहे.

इथे येऊन राहावं लागेल. घाणा सोडून. हे मागायला मला तोंड नाही, तरी मागतेय.

गोटीची आई


२० मार्च

गोटीच्या आई,

घाण्याच्या किल्ल्या काकांना दिल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, हे त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

शनिवारी येते. उपाशी येते. आधी ती मांडीत द्यायची सुई कशी द्यायची ते मला शिकव. ते नीट जमल्याशिवाय पोर माझ्या हातात देऊ नकोस.

ताई